वर्डप्रेसवरील व्यावसायिक संकेतस्थळ हॅकरपासून सुरक्षित कसे ठेवावे

२६ जानेवारी २०१७ रोजी वर्डप्रेसची, म्हणजे संकेतस्थळे उभारण्याच्या आणि चालवण्याच्या प्रणालीची, ४.७.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या दोन आवृत्त्यांत असा एक दोष राहून गेला होता की, लॉगिन न करताही कोणालाही संकेतस्थळावरील लेखाचा मजकूर बदलता येत असे. हा दोष नेमका कोणता, हे वर्डप्रेसने मुद्दाम जवळजवळ आठवडाभर जाहीर केले नाही, कारण तेवढ्या अवधीत जास्तीत जास्त संकेतस्थळे अद्ययावत व्हावीत अशी अपेक्षा होती. १ फेब्रुवारीला तपशील जाहीर झाला आणि पुढच्या काही दिवसांतच लाखो पानांवरील मूळ मजकूर पुसून हल्लेखोरांनी तिथे स्वतःची टोपणनावे लिहिली. ज्यांच्याकडे स्वयंचलित अपडेट चालू होते, त्यांच्या संकेतस्थळांतील हा दोष तोवर दूर झालेला होता; फटका बसला तो अपडेट बंद करून ठेवलेल्यांना.

या घटनेतून लहान व्यावसायिकाने लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हल्लेखोराने कोणाचेही नाव पाहून निवड केलेली नसते. त्याची संगणकीय आज्ञावली दिवसरात्र एकामागून एक संकेतस्थळे तपासत जाते आणि जिथे ओळखीचा दोष सापडेल तिथे आपोआप शिरते. त्यामुळे ‘आमच्या देवगडच्या आंब्याच्या संकेतस्थळावर कोणाला काय मिळणार?’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. मिळण्यासारखे पुष्कळ असते. आपल्या डोमेनची (म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची) गूगलमधील पत वापरून जुगाराच्या वा बनावट औषधांच्या जाहिराती चढवता येतात, आपल्या सर्व्हरवरून हजारो फसवे ईमेल पाठवता येतात, एखाद्या बँकेच्या लॉगिनचे हुबेहूब पान आपल्याच संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात लपवता येते आणि आपण ऑनलाइन विक्री करीत असाल तर पैसे भरण्याच्या पानावरील क्यूआर कोडही बदलता येतो.

हा लेख वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, चालवणाऱ्यांसाठी आहे, मग ते कोकणातील होमस्टे असो, येवल्यातील पैठणीचे दुकान असो, शिकवणी वर्ग असो वा एखाद्याचा वर्षानुवर्षांचा ब्लॉग असो. ज्यांचा ब्लॉग ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमसारख्या सेवेवर आहे, त्यांच्या सर्व्हरची काळजी ती कंपनीच घेते. अशा वाचकांना यातील खात्यांविषयीचा आणि बॅकअपविषयीचा भाग तेवढा पुरेसा आहे.

सर्वांत आधी मालकी तपासा

बहुतेक मार्गदर्शकांत पहिली सूचना एखादे सुरक्षा प्लगइन (वर्डप्रेसला जादा सोय जोडणारा छोटा कार्यक्रम) बसवण्याची असते. माझ्या मते ती पहिली नसावी. आपल्याकडील लहान व्यवसायांची संकेतस्थळे बहुधा कोणा ओळखीच्या मुलाने, भाच्याने किंवा गावातल्या डिझायनरने करून दिलेली असतात. डोमेन त्याच्या खात्यावर असते, होस्टिंगही त्याच्याच खात्यावर असते आणि मालकाजवळ फक्त लेख लिहिण्यापुरता एक पासवर्ड असतो. संकेतस्थळ हॅक झाल्यावर तो डिझायनर दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेला असला, तर मालकाला स्वतःचे संकेतस्थळ बंदसुद्धा करता येत नाही. म्हणून एका कोऱ्या कागदावर पुढील गोष्टी लिहून काढाव्यात: डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदवले आहे आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते, डीएनएसच्या नोंदी (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या) कुठे बदलता येतात, होस्टिंग कोणाचे आहे, या प्रत्येक खात्याला कोणता ईमेल आणि कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे आणि वर्डप्रेसमध्ये ॲडमिन (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून कोणकोण आहे.

या यादीत डोमेनचे स्थान सर्वांत वरचे आहे. होस्टिंग बिघडले तर दुसरीकडे नेता येते, वर्डप्रेस पुसले गेले तर बॅकअपमधून उभे करता येते. डोमेन हातचे गेले, तर गिऱ्हाइकांना माहीत असलेला पत्ताच जातो आणि त्या डोमेनवरचे ईमेलही परक्याच्या हाती पडतात. डोमेनची नोंदणी व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावावर आणि मालकाच्याच खात्यात असावी. ती तशी नसेल तर डिझायनरशी सलोख्याने बोलून लगेच बदलून घ्यावी. भांडण झाल्यावर हीच गोष्ट फार अवघड होते. नोंदणी कंपनीच्या खात्यात डोमेन दुसरीकडे हलवण्यावर बंदी घालणारे कुलूप असते. ते लावलेले आहे याची खात्री करावी. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था असली, तरी जोडलेल्या कार्डाची मुदत संपल्यास ते होत नाही, म्हणून अंतिम तारीख कॅलेंडरमध्येही लिहावी. मुदत संपत आल्याचे सांगून पैसे मागणारे बनावट ईमेल सर्रास येतात. अशा ईमेलमधील दुव्यावर न जाता, नोंदणी कंपनीचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टंकित करून मुदत पाहावी.

एक बारीकशी पण महत्त्वाची सूचना येथेच करतो. डोमेनच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा कुठेच पोहोचत नाही.

ईमेल, पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी

वरील यादी तयार झाली की, बहुतेक सगळी खाती एकाच ईमेलला येऊन मिळतात असे दिसेल. तो ईमेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व काही. म्हणून संरक्षणाची सुरुवात त्या ईमेल खात्यापासून करावी, मग डोमेन, मग होस्टिंग आणि शेवटी वर्डप्रेस, असा क्रम ठेवावा. चारही ठिकाणी वेगवेगळे, लांब आणि यंत्राने तयार केलेले पासवर्ड असावेत. असे पासवर्ड लक्षात राहणे शक्य नाही आणि ते लक्षात ठेवण्याची गरजही नाही. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड सांभाळणारा कार्यक्रम वापरावा आणि त्याचा मुख्य पासवर्ड तेवढा पाठ करावा. दुकानाचे नाव आणि स्थापनेचे वर्ष जोडून केलेला पासवर्ड हल्लेखोरांच्या आज्ञावलीला पहिल्या काही प्रयत्नांतच सापडतो, कारण ही दोन्ही माहिती संकेतस्थळावरच छापलेली असते.

एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरण्याचा धोका किती खरा आहे, हे जून २०२४ मधील एका प्रकरणाने दाखवून दिले. काही प्लगइनच्या निर्मात्यांनी वर्डप्रेसच्या अधिकृत खात्यासाठी वापरलेले पासवर्ड इतरत्र झालेल्या माहितीचोरीत आधीच उघड झालेले होते. हल्लेखोरांनी तेच वापरून त्यांच्या प्लगइनमध्ये घातक कोड मिसळला आणि तो कोड अधिकृत अपडेट म्हणून संकेतस्थळांवर जाऊन नवे ॲडमिन तयार करू लागला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून वर्डप्रेसने प्लगइन आणि थीम (संकेतस्थळाचे रूप ठरवणारे साचे) यांच्या निर्मात्यांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण विचारण्याची पद्धत, सक्तीची केली.

आपणही ती चारही ठिकाणी लावावी. मोबाइलवरील ऑथेंटिकेटर ॲप दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी आकडा दाखवते. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा हा मार्ग अधिक सुरक्षित आहे, कारण सिम कार्डाची नक्कल काढून ओटीपी पळवता येतो. वर्डप्रेसच्या मूळ रचनेत ही सोय नाही, त्यासाठी ‘टू फॅक्टर’ किंवा ‘वर्डफेन्स लॉगिन सिक्युरिटी’ यांसारखे प्लगइन लागते. सोय सुरू करताना मिळणारे राखीव आकडे कागदावर छापून कागदपत्रांच्या कपाटात ठेवावेत, नाहीतर मोबाइल हरवल्यावर मालकच बाहेर राहतो.

वर्डप्रेसमधील वापरकर्त्यांची यादी एकदा शांतपणे वाचावी. सोडून गेलेला कर्मचारी, जुना डिझायनर, ‘टेस्ट’ नावाचे कोणी, अशी खाती काढून टाकावीत. काढताना त्यांचे लेख दुसऱ्याच्या नावावर करण्याचा पर्याय वर्डप्रेस देते. लेख लिहिणाऱ्याला ‘लेखक’, दुसऱ्यांचे लेख तपासणाऱ्याला ‘संपादक’ आणि ऑर्डर पाहणाऱ्याला (वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनमधील) ‘शॉप मॅनेजर’ एवढाच अधिकार पुरतो. मालकानेही रोजच्या लेखनासाठी संपादकाचे खाते वापरून ॲडमिनचे खाते फक्त देखभालीपुरते उघडावे, असे मी आग्रहाने सांगेन. ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ नावाची सोय २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये असते. बाहेरच्या ॲपसाठी दिलेले हे पासवर्ड मुख्य पासवर्ड बदलला तरी चालूच राहतात, म्हणून ती यादीही पाहावी आणि अनोळखी नोंद रद्द करावी.

लॉगिनच्या पानावर ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर काही काळ बंदी घालणारे प्लगइन बसवणे योग्यच आहे. त्याबरोबर एक्सएमएल-आरपीसी ही बाहेरच्या ॲपमधून संकेतस्थळ हाताळण्याची जुनी सोय बंद करावी. या मार्गाने एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड तपासून पाहता येतात, हे २०१५ मध्ये उघड झाले होते. जेटपॅकसारखी काही प्लगइन मात्र या सोयीवर अवलंबून असतात. ती वापरीत असाल तर आधी त्यांची अडचण तपासावी.

इतके करूनही ज्या संगणकावरून आपण लॉगिन करतो तोच दूषित असेल, तर सारे व्यर्थ ठरते. माहिती चोरणारे घातक कार्यक्रम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज (लॉगिन झाल्याची ब्राउझरमध्ये साठवलेली खूण) उचलून नेतात, आणि कुकी हाती लागली की दुहेरी पडताळणीचीही गरज उरत नाही. दुकानातील ज्या संगणकावर चोरून उतरवलेले सॉफ्टवेअर आहे किंवा येणाजाणाऱ्याचे पेनड्राइव्ह लागतात, त्यावरून ॲडमिनचे लॉगिन कधीही करू नये.

अपडेट आणि प्लगइनची निवड

वर्डप्रेसचा मूळ गाभा आज बराच भक्कम आहे. २०१३ मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून सुरक्षेचे छोटे अपडेट आपोआप बसतात आणि ती सोय कोणत्याही कारणाने बंद करू नये. दोष प्रामुख्याने प्लगइन आणि थीममध्ये सापडतात, कारण ती जगभरातील हजारो वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असतात. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या प्लगइनमध्ये असा दोष सापडला की, कोणीही परका माणूस लॉगिन न करता सर्व्हरवर स्वतःची फाइल चढवू शकत होता. एका बाहेरच्या लायब्ररीतील नमुना फाइल नाव बदलून चालू स्थितीत ठेवली गेली, एवढेच त्याचे मूळ. ऑगस्ट २०२४ मध्ये पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या ‘लाइटस्पीड कॅश’मध्ये कमकुवत सांकेतिक मूल्याचा अंदाज बांधून ॲडमिन होता येत असल्याचे आढळले. म्हणजे प्लगइन लोकप्रिय आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. दोष सापडल्यानंतर किती लवकर दुरुस्ती येते आणि ती आपल्याकडे किती लवकर बसते, यावर सारे अवलंबून असते.

म्हणून प्लगइनचे स्वयंचलित अपडेट चालू करावे, ५.५ या आवृत्तीपासून प्लगइनच्या यादीतच प्रत्येकासमोर त्याचा दुवा असतो. अपडेटमुळे संकेतस्थळाची मांडणी बिघडेल ही भीती खरी आहे आणि विशेषतः वूकॉमर्सवर दुकान चालवणाऱ्याने मोठ्या अपडेटपूर्वी प्रायोगिक प्रतीवर चाचणी घ्यावी. तरीही बिघडलेली मांडणी तासाभरात सुधारते, हॅक झालेले संकेतस्थळ सुधारायला आठवडे लागतात. मांडणीच्या भीतीने वर्षभर अपडेट टाळणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

वापरात नसलेले प्लगइन नुसते निष्क्रिय करून भागत नाही. त्याच्या फाइल सर्व्हरवर तशाच राहतात आणि त्यांपैकी काही थेट पत्त्याने उघडता येतात. ते पूर्णपणे काढून टाकावे. जादा थीमचेही तेच. चालू थीम, ती दुसऱ्या थीमवर आधारलेली असल्यास तिची मूळ थीम आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारी वर्डप्रेसची एक ताजी थीम, इतके पुरे. नवे प्लगइन घेताना शेवटचे अपडेट कधी झाले, सध्याच्या वर्डप्रेसवर ते तपासलेले आहे का आणि सहाय्य विभागात निर्माता उत्तरे देतो का, हे पाहावे. प्लगइनची मालकी बदलल्याची बातमी आली तर अधिक सावध व्हावे. २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरचे प्लगइन विकले गेले आणि नव्या मालकाने त्यात जाहिरातबाजीचा मजकूर परस्पर घुसवणारा कोड टाकला. शेवटी ते अधिकृत भांडारातून कायमचे काढावे लागले.

सशुल्क थीम आणि प्लगइनच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रतींविषयी मला जरा कठोरपणेच लिहावेसे वाटते. तीन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी अनेक डिझायनर अशा ‘नल्ड’ प्रती ग्राहकाच्या संकेतस्थळावर बसवतात आणि ग्राहकाला त्याची कल्पनाही नसते. ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ हा घातक कोड कित्येक वर्षे याच मार्गाने पसरला. त्या प्रतींत आधीच चोरदरवाजा ठेवलेला असल्यामुळे पासवर्ड कितीही बळकट असला तरी उपयोग होत नाही. आपल्या संकेतस्थळावरील प्रत्येक सशुल्क थीमच्या आणि प्लगइनच्या खरेदीची पावती डिझायनरकडे मागावी. पावती नसेल तर ते काढून टाकावे, दुसरा उपाय नाही.

अपडेटच्या याच ओघात होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेवर चालते तिची, आवृत्ती पाहावी. ७.४ ला नोव्हेंबर २०२२ पासून आणि ८.० ला नोव्हेंबर २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तरी अनेक जुनी संकेतस्थळे अजून त्यांवर चालतात. वर्डप्रेसच्या ‘साइट हेल्थ’ या पानावरही त्याची सूचना मिळते.

बॅकअप असा घ्यावा की त्यातून संकेतस्थळ पुन्हा उभे करता येईल

संकेतस्थळाचे दोन भाग असतात. लेख, ऑर्डर आणि वापरकर्ते डेटाबेसमध्ये असतात, तर छायाचित्रे, थीम आणि प्लगइन फाइलच्या रूपात असतात. बॅकअपमध्ये दोन्ही हवेत. केवळ फाइलची प्रत घेऊन समाधान मानणाऱ्यांचे सगळे लेख जातात. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यासारखे आहे, कारण सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस ती प्रतही पुसतो किंवा दूषित करतो. ‘अपड्राफ्टप्लस’सारखे प्लगइन प्रत थेट गूगल ड्राइव्हवर पाठवते. त्याशिवाय महिन्यातून एकदा एक प्रत बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

किती दिवसांच्या प्रती ठेवाव्यात, हा प्रश्न लोक फारसा विचारत नाहीत, पण खरी गोम तिथेच आहे. घातक कोड शिरल्यापासून तो लक्षात येईपर्यंत बरेचदा काही आठवडे जातात. आपल्याकडे फक्त गेल्या सात दिवसांच्या प्रती असतील, तर त्या साऱ्याच दूषित निघण्याची शक्यता आहे. म्हणून रोजच्या काही, आठवड्याच्या काही आणि किमान तीन महिन्यांच्या मासिक प्रती राखाव्यात. वर्षातून एक-दोनदा एखादी प्रत वेगळ्या उपडोमेनवर किंवा स्वतःच्या संगणकावर उभी करून पाहावी. ज्या बॅकअपमधून संकेतस्थळ कधी उभे करून पाहिलेले नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. चाचणी संपल्यावर ती प्रत आठवणीने पुसावी, कारण विसरलेली आणि अपडेट न होणारी जुनी प्रत हल्लेखोराला आयता प्रवेश देते.

सर्व्हरवरील मांडणी

हा भाग तांत्रिक आहे. स्वतःला जमत नसेल तर पुढील मुद्दे होस्टिंगच्या सहाय्य विभागाला लिहून पाठवावेत. फोल्डरांच्या परवानग्या (कोणी काय वाचावे, बदलावे वा चालवावे हे ठरवणारे आकडे) ७५५ आणि फाइलच्या ६४४ असाव्यात. ७७७ कुठेही नसावी. डेटाबेसचा पासवर्ड ज्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो तिची परवानगी ६४० किंवा त्याहून कडक असावी. ॲडमिनच्या पडद्यावरून थीम आणि प्लगइनचा कोड बदलण्याची सोय त्याच फाइलमध्ये एक ओळ लिहून बंद करता येते. ती बंद असली म्हणजे ॲडमिन खाते चोरणाऱ्याचा एक सोपा मार्ग कमी होतो. छायाचित्रे ज्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये साठतात तिथे पीएचपी फाइल चालू देऊ नये. या एका बंदीमुळे परक्याने चढवलेली फाइल तिथे पडून राहिली तरी काम करू शकत नाही, म्हणून तिचे मोल मी फार मानतो. सार्वजनिक फोल्डरमध्ये विसरलेल्या झिप फाइल आणि कॉन्फिग फाइलच्या ‘जुनी’ अशा नावाच्या प्रती शोधून काढाव्यात. स्वयंचलित आज्ञावल्या नेमकी हीच नावे आधी चाचपतात.

एचटीटीपीएस आज बहुतेक होस्टिंगवर लेट्स एनक्रिप्टमार्फत विनाशुल्क मिळते. प्रमाणपत्र मुदत संपण्याआधी आपोआप नवे होत आहे ना, एवढे पाहावे. काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी दिसणारे कुलूपचिन्ह वाचक आणि सर्व्हर यांच्यामधील वाट सुरक्षित असल्याचे सांगते. संकेतस्थळात कोणी शिरलेले नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. वर्डप्रेसची आवृत्ती लपवणे किंवा डेटाबेसच्या तक्त्यांच्या नावांचा प्रारंभ बदलणे, या लोकप्रिय युक्त्यांचा उपयोग फार थोडा असतो. त्यांवर वेळ घालवण्यापेक्षा वरील कामे पूर्ण करावीत.

सुरक्षेचे प्लगइन बसवावे, पण एकच. दोन बसवल्यास ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संकेतस्थळ मंदावते. शिवाय तेही शेवटी प्लगइनच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये चाळीस लाख संकेतस्थळांवरील ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ या सुरक्षा प्लगइनच्या दुहेरी पडताळणीतच दोष निघाला आणि वर्डप्रेसला त्याचे अपडेट सक्तीने बसवावे लागले. सुरक्षेच्या साधनालाही वेळेवर अपडेट लागतेच. जमल्यास येणारी वर्दळ आधी गाळून घेणारी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा संकेतस्थळापुढे उभी करावी, म्हणजे बरीचशी त्रासदायक वर्दळ आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही.

नजर कशी ठेवावी

हॅक झालेले संकेतस्थळ मालकाला बरेचदा अगदी नेहमीसारखे दिसते. घातक कोड लॉगिन केलेल्या माणसाला ओळखतो आणि त्याच्यापुढे गप्प बसतो. गूगलमधून मोबाइलवर येणाऱ्या वाचकाला मात्र तो भलत्याच पानावर नेऊन सोडतो. म्हणून महिन्यातून एकदा मोबाइल डेटावर, लॉगिन न करता, गूगलमध्ये स्वतःच्या व्यवसायाचे नाव शोधून त्या दुव्यावरून संकेतस्थळ उघडावे. गूगलच्या शोधपट्टीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, त्यापुढे अपूर्णविराम आणि लगेच आपले डोमेन लिहिले, तर गूगलकडे नोंदलेली आपली बरीचशी पाने दिसतात. त्यांत जपानी अक्षरांची शीर्षके किंवा औषधांची नावे दिसू लागली, तर संकेतस्थळात कोणीतरी शिरले आहे असे समजावे.

गूगल सर्च कन्सोलमध्ये संकेतस्थळाची नोंदणी विनामूल्य होते आणि सुरक्षेचा प्रश्न आढळल्यास गूगल ईमेल पाठवते. तिथे मालकांच्या यादीत अनोळखी नाव तर नाही ना, हेही पाहावे, कारण हल्लेखोर स्वतःला मालक म्हणून जोडून घेतात. पैसे भरण्याचे पान आठवड्यातून एकदा तरी स्वतः उघडावे. यूपीआयचा क्यूआर कोड छायाचित्र म्हणून लावलेला असेल, तर तो मोबाइलने स्कॅन करून पडद्यावर येणारे नाव आपलेच आहे याची खात्री करावी. मार्च ते मे हा हंगाम असलेल्या आंबा विक्रेत्यांनी आणि सुट्ट्यांवर चालणाऱ्या होमस्टेवाल्यांनी ही सारी तपासणी हंगामाच्या महिनाभर आधी उरकावी, कारण गर्दीच्या दिवसांत कोणालाच त्यासाठी सवड मिळत नाही.

संकेतस्थळ हॅक झाल्यास

पहिले काम संकेतस्थळ वाचकांसाठी तात्पुरते बंद करण्याचे, म्हणजे गिऱ्हाइकांची फसवणूक थांबते. दुसरे काम दूषित स्थितीतील संपूर्ण प्रत आणि सर्व्हरचे लॉग (कोण कधी आले आणि काय उघडले याच्या नोंदी) जपून ठेवण्याचे. घाईने सगळे पुसून टाकले तर हल्लेखोर कुठून आला हे कधीच कळत नाही आणि तो त्याच वाटेने परत येतो. त्यानंतर निर्धोक संगणकावरून ईमेल, डोमेन, होस्टिंग, डेटाबेस आणि वर्डप्रेस यांचे पासवर्ड बदलावेत आणि कॉन्फिग फाइलमधील गुप्त सॉल्ट-किल्ल्या (लॉगिनच्या कुकीज ज्यांच्या आधारे तयार होतात ती अक्षरे) नव्या कराव्यात; त्या बदलताच सर्वांचे चालू लॉगिन तुटतात, हल्लेखोराचेही.

हल्ला कधी झाला हे निश्चित कळत असेल आणि त्याआधीची प्रत असेल, तर ती उभी करून लगेच सर्व अपडेट बसवावेत. नसेल तर स्वच्छता हाताने करावी लागते. वर्डप्रेसचा गाभा, प्रत्येक प्लगइन आणि थीम अधिकृत ठिकाणाहून नव्याने आणून जुन्या फाइल पूर्ण काढाव्यात. संशयास्पद ओळी तेवढ्या पुसण्याचा मार्ग धरू नये, कारण चोरदरवाजे सहसा एकाहून अधिक ठेवलेले असतात. अपलोड्स फोल्डरमधील पीएचपी फाइल, नेहमीच्या प्लगइनच्या यादीत न दिसणारा ‘एमयू-प्लगइन्स’ हा फोल्डर, एचटीॲक्सेस (सर्व्हरला सूचना देणारी) फाइल, होस्टिंग पॅनेलमधील क्रॉनची नियोजित कामे आणि वापरकर्त्यांच्या तक्त्यातील नवे ॲडमिन, ही त्यांची ठरलेली लपण्याची ठिकाणे आहेत.

भारतात २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संकेतस्थळात घुसखोरी झाल्याची किंवा त्याचा मजकूर बदलल्याची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवणे व्यावसायिक संस्थांना बंधनकारक आहे. कळवण्याचा नमुना त्यांच्या संकेतस्थळावर आहे. तो आधीच छापून ठेवलेला बरा. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. ज्यांचे फोन क्रमांक, पत्ते किंवा ऑर्डरचा तपशील बाहेर गेला असेल त्या ग्राहकांना, काय झाले आणि त्यांनी कोणत्या फोनपासून किंवा संदेशापासून सावध राहावे, हे साध्या शब्दांत कळवावे. लपवाछपवी केल्यास तीच माहिती वापरून आपल्याच नावाने त्यांची दुसऱ्यांदा फसवणूक होते.

सगळे स्वच्छ झाल्यावर संकेतस्थळ पुन्हा सुरू करून सर्च कन्सोलमधून पुनर्तपासणीची विनंती करावी. त्यात काय आढळले, काय काढले आणि कोणता दोष बुजवला, हे नेमके लिहावे. अर्धवट स्वच्छतेवर केलेली विनंती फेटाळली जाते आणि पुढची तपासणी लांबते. हल्लेखोराने तयार केलेल्या हजारो पानांच्या पत्त्यांवर सर्व्हरने ‘४१०’ हे उत्तर द्यावे, असे होस्टिंगला सांगावे. पान कायमचे काढले आहे असा त्याचा अर्थ होतो आणि गूगलच्या नोंदींतून ती पाने हळूहळू गळून पडतात. या काळात दर दोन-तीन दिवसांनी वापरकर्त्यांची यादी आणि नव्याने बदललेल्या फाइल तपासत राहावे. किमान महिनाभर नवे काही आढळले नाही, तरच हल्लेखोराची वाट बंद झाली असे मानावे.